सहावे वर्ष सरल्यावर

कोल्हापूरच्या दक्षिणेस असलेल्या ज्या तलावाचे पाणी संस्थानी काळापासून केवळ उताराच्या बळावर शहराच्या पेठांपर्यंत येत असे, त्या कळंब्याचे नाव निघाले की जुन्या कोल्हापूरकराला पाण्याची आठवण होई. आज मात्र हा शब्द करवीरच्या बोलण्यात बहुधा मध्यवर्ती कारागृहाच्या अर्थाने येतो, आणि ‘तो कळंब्याला गेला’ एवढे म्हटले की एका कुटुंबाची सारी वाताहत सांगून होते. या कारागृहात स्त्रियांचा स्वतंत्र विभाग आहे. आणि जेथे स्त्रियांची बराक असते तेथे आज ना उद्या अशी एक व्यक्ती राहावयास येते, की जिच्यावर कसलाही आरोप नाही, जिच्या नावे वॉरंट निघालेले नाही, आणि जिला कैदी म्हणून मोजण्याचा अधिकार कोणालाही नाही. ती व्यक्ती म्हणजे बंदिवान मातेचे अंगावरचे मूल.

या मुलाविषयी सरकारचे कर्तव्य काय, याचा सविस्तर निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १३ एप्रिल २००६ रोजी आर. डी. उपाध्याय विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या प्रकरणात दिला. मातेबरोबर तुरुंगात असलेले मूल कच्चा कैदी नव्हे व पक्का कैदीही नव्हे. अन्न, निवारा, औषधोपचार, वस्त्र, शिक्षण आणि खेळ ही त्यास हक्काने मिळावयाची आहेत, असे न्यायालयाने स्पष्ट म्हटले. कैदेतील स्त्रीचे बाळंतपण शक्यतो बाहेरच्या रुग्णालयात व्हावे आणि जन्माची नोंद करताना तुरुंगाचा उल्लेख न करता केवळ त्या वस्तीचा पत्ता लिहावा, असेही त्याच निर्णयात आहे. त्या न्यायाने असे मूल जन्मभर जो दाखला बाळगील त्यावर ‘कळंबा’ हे एखाद्या गावाचे नाव असते तसे, निर्दोष, लिहिलेले असेल. न्यायाधीशांच्या लेखणीने इतक्या बारीक जागी इतकी माया दाखवावी, हे वाचून मला फार समाधान वाटले.

परंतु त्याच निर्णयात एक मुदत आहे. सहा वर्षे पुरी होईपर्यंतच मूल आईजवळ राहू शकते. त्यानंतर आईच्या इच्छेप्रमाणे ते योग्य अशा व्यक्तीच्या स्वाधीन करावे, नाहीतर समाजकल्याण खात्याच्या संस्थेत ठेवावे. मुदतीमागील विचार योग्यच आहे, कारण सहा वर्षांच्या मुलाला शाळा हवी, आणि भिंतीपलीकडेही जग आहे हे त्याला कळावयास हवे. पण ज्या दिवशी इतर घरांत पाटी-दप्तराची खरेदी होते, त्या दिवशी या मुलाचे एकमेव घर सुटते. आणि ते घर सुटते सरकारच्या हुकुमाने. आईला ताब्यात घेतले सरकारने, आणि सहाव्या वर्षी मुलाला बाहेर काढले तेही सरकारनेच. म्हणून त्यापुढे सरकार त्याच्यासाठी जे करते त्यास दया किंवा मदत म्हणणे मला पटत नाही. ते देणे आहे, आणि इतर कोणत्याही देण्याप्रमाणे ते वसूल करता आले पाहिजे.

आपल्याकडे परक्या घरी मूल वाढणे नवीन नाही. ‘आजोळी वाढला’, ‘मामाकडे राहून शिकला’, ‘वार लावून जेवला’ ही वाक्ये कित्येक थोरांच्या चरित्रांत सहज येतात. दत्तकाची रीत तर करवीरच्या गादीला चांगलीच परिचयाची. १७ मार्च १८८४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यातील नऊ वर्षांचा यशवंतराव या गादीवर दत्तक आला व शाहू छत्रपती झाला. त्याची जननी राधाबाई तो तीन वर्षांचाही झाला नव्हता तेव्हाच, १८७७ मध्ये, निवर्तली होती. त्या आईवेगळ्या मुलाच्या शिक्षणाची जबाबदारी तत्कालीन सरकारने घेतली. त्याला राजकोटास पाठविले, पुढे धारवाडास फ्रेझरसाहेबांच्या देखरेखीखाली ठेवले, आणि २ एप्रिल १८९४ रोजी राज्याधिकार हाती देईपर्यंत तो कोठे आहे, काय शिकतो, त्याची प्रकृती कशी आहे, याची जबाबदारी कोणा ना कोणा नाव घेऊन सांगता येईल अशा माणसाच्या शिरावर होती. गादीच्या वारसासाठी हे झाले यात नवल नाही. पुढे त्याच राजाने १९०१ साली मराठा विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह उघडले आणि १९१७ साली संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. परगावी शिकावयास आलेल्या मुलालाही छप्पर, जेवण आणि देखरेख करणारा माणूस लागतो, हे त्याला कोणी पुस्तकातून शिकविले नसावे.

दत्तकाने जन्मघराशी असलेले नाते तुटते. ज्यास इंग्रजी शिकलेले लोक फोस्टर केअर म्हणतात, त्या प्रतिपालनात ते नाते मुद्दाम राखावयाचे असते. बंदिवान मातेने मुलावरचा हक्क सोडलेला नसतो. तिची केवळ मोकळीक गेलेली असते. म्हणून तिच्या मुलाला कायमचे दुसऱ्याचे करून टाकणे अन्याय होईल, आणि त्याला अठरा वर्षांचा होईपर्यंत संस्थेच्या पंगतीत बसविणे हा शेवटचा उपाय मानावा असे कायद्याचेच तत्त्व आहे. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाचे कलम ४४ यासाठीच आहे. बाल कल्याण समितीच्या आदेशाने मूल योग्य कुटुंबात ठेवता येते. भावंडांची शक्यतो ताटातूट करावयाची नाही. कुटुंबाने शिक्षण, आरोग्य व पोषण सांभाळावयाचे. समितीने दरमहा त्या घराची तपासणी करावयाची. आणि उणीव आढळल्यास मूल तेथून काढावयाचे.

या कलमातील क्रियापदे सावकाश वाचण्यासारखी आहेत. मूल कुटुंबात ‘ठेवता येईल’, म्हणजे तेथे समितीस विवेक आहे. पण एकदा ठेवले की राज्य सरकारने जिल्हा बाल संरक्षण कक्षामार्फत मासिक निधी ‘दिलाच पाहिजे’, आणि तपासणी दरमहा ‘झालीच पाहिजे’. उलट कलम ४६ मध्ये, अठरा वर्षे पुरी होऊन संस्था सोडणाऱ्या तरुणास आर्थिक साहाय्य ‘देता येईल’ इतकेच आहे. ज्याला वडिलार्जित खोली नाही, जामीन राहील असा काका नाही, त्याच्या अठराव्या वाढदिवशी कायद्याचा आवाज असा खाली यावा, ही या अधिनियमातील मोठी उणीव आहे असे माझे मत आहे.

महाराष्ट्रात या कर्तव्याला ‘बालसंगोपन’ असे घरगुती नाव आहे. ज्याचे आईबाप तुरुंगात आहेत असे मूलही या योजनेत येते. दरमहा मिळणारी रक्कम दीर्घ काळ ४२५ रुपये होती. २०२१ मध्ये ती ११०० झाली व २०२३ मध्ये २२५० करून योजनेस क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचे नाव देण्यात आले. नाव यथार्थ आहे, कारण १८६३ साली पुण्यात ज्या दांपत्याने विधवांच्या अर्भकांसाठी आपले घर उघडले, त्यांनी त्यांतलेच एक मूल, यशवंत, आपले म्हणून वाढविले व डॉक्टर केले. मात्र २२५० रुपयांचे दिवसाला पंचाहत्तर होतात; आणि केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत याच कामासाठी ४००० रुपयांची तरतूद असल्याने, कोणत्या मुलाचा अर्ज कोणत्या योजनेत बसला यावर त्याच्या ताटातील वाढप ठरते. मूल मात्र दोन्हीकडे तेच असते.

परंतु पैशाहून अवघड गोष्ट भेटीची आहे. संस्थेत ठेवलेल्या मुलाला आठवड्यातून निदान एकदा आई भेटली पाहिजे, ते शक्यतो तुरुंगाच्या गावाबाहेर पाठवू नये, आणि त्याला भेटीस आणण्याची जबाबदारी समाजकल्याण संचालकाची, असे २००६ च्या निर्णयाने निःसंदिग्ध सांगितले आहे. कलम ४४ मात्र असे म्हणते की, पालक असमर्थ ठरल्यामुळे मूल दुसऱ्या घरी ठेवले असेल, तर पालकांना त्याला ठरावीक अंतराने भेटता येईल, आणि पालक पुन्हा समर्थ ठरल्यास मूल त्यांच्याकडे परत जाऊ शकेल. हे लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे चालत येऊ शकणारा पालक होता. कळंब्याच्या भिंतीआडची आई येऊ शकत नाही. तिच्याकडे मुलालाच न्यावे लागते. मूल संस्थेत असेल तर त्याला नेणारा अधिकारी न्यायालयाने नेमून दिला आहे. तेच मूल चंदगडच्या किंवा गगनबावड्याच्या आजीकडे असेल, तर त्याला कोणी न्यावे, हे कलम ४४ सांगत नाही. घराच्या उबेत ठेवलेल्या मुलाची आई संस्थेतल्या मुलाच्या आईपेक्षा अधिक दूर जाते.

यावर नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. समितीस प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार आहेत, आणि मूल आजीच्या हवाली करणारा आदेश तिनेच काढावयाचा आहे. त्या आदेशात निधीच्या रकमेखाली आणखी तीन ओळी लिहिता येतील: भेटीचा वार कोणता, मुलाबरोबर कोण जाईल, आणि दोघांचे एस.टी.चे भाडे कोणत्या खात्यातून निघेल. त्या आदेशाची एक प्रत कारागृहाच्या अधीक्षकांकडे जावी, आणि एक प्रत वाचून दाखवून त्या आईच्या हाती द्यावी.