मुलाला मित्र जोडता येत नाहीत? सामाजिक कौशल्यांचा गट कुठे शोधायचा

आपल्या वस्त्यांमध्ये एखादा मुलगा किंवा मुलगी दहावी-बारावीपर्यंत पोहोचते, मार्क बरे असतात, पण मित्र एकही नसतो. पाहुणे आले की आतल्या खोलीत जाणे, वर्गात सर्वांत मागे बसणे, बोललेच तर एकाच विषयावर बोलत राहणे, थट्टा न कळणे. घरचे म्हणतात, ‘लाजरा आहे, मोठा झाला की सुधारेल.’ काही जण अंगारा-धुपाऱ्याच्या मागे लागतात. त्यात दोन-तीन मोलाची वर्षे निघून जातात. म्हणून या वेळी आम्ही या विषयावर लिहीत आहोत.

आधी कारण ओळखा

एकटेपणाची कारणे वेगवेगळी असतात आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा असतो.

ऐकू कमी येत असेल तर मूल गप्पांतून आपोआप बाहेर पडते. कानाची तपासणी आधी करा. विदर्भात, आणि आपल्या समाजात विशेषतः, सिकलसेलचे प्रमाण मोठे आहे. अंग दुखून वारंवार शाळा बुडते, खेळता येत नाही आणि सोबती तुटतात. अशा मुलाला आधी सिकलसेलचे नियमित उपचार हवेत.

काही मुलांना लोकांसमोर बोलायची तीव्र भीती असते. काहींना स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम असते. चेहऱ्यावरचे भाव वाचणे, आळीपाळीने बोलणे, बोलण्यातला आडवा अर्थ समजणे त्यांना जड जाते. मूल हुशार असेल तर हे लहानपणी लक्षात येत नाही.

आणखी एक कारण आपण विसरता कामा नये. शाळेत किंवा वसतिगृहात जातीवरून टोमणे मारले जात असतील, तर मूल गप्प होणारच. तिथे मुलाला कौशल्य शिकवून भागत नाही. मुख्याध्यापकांकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. सर्वांसमक्ष जातीवरून अपमान करणे हा १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. मुलाला मात्र स्पष्ट सांगा की चूक त्याची नाही.

गटात काय होते?

एकाच वयाची थोडी मुले आठवड्यातून एकदा तास-दीड तास जमतात. शिकवणारे एक-एक गोष्ट घेतात: बोलणे कसे सुरू करायचे, चालू खेळात कसे शिरायचे, कोणी चिडवले तर काय म्हणायचे, मोबाइलवर किती संदेश पाठवायचे, नको असेल तिथे ‘नाही’ कसे म्हणायचे. आधी करून दाखवतात, मग मुलांकडून करून घेतात आणि आठवडाभराचा सराव देतात.

अमेरिकेत लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात डॉ. एलिझाबेथ लॉगसन यांनी किशोरांसाठी असा कार्यक्रम उभा केला. त्यात आईवडिलांचा वर्गही सोबतच चालतो, कारण सराव घरी करून घ्यायचा असतो. म्हणून ‘मुलाला सोडून या’ एवढेच सांगणाऱ्या गटापेक्षा पालकांना सोबत घेणारा गट चांगला.

भंडारा जिल्ह्यात सुरुवात कुठून करावी?

१. शाळा: राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत तपासणीला येते. ही सेवा १८ वर्षांपर्यंत मोफत आहे. पथक येण्याआधी वर्गशिक्षकांना मुलाबद्दल सांगून ठेवा. तालुक्याच्या गट साधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक कोण आहेत, तेही विचारा.

२. जिल्हा सामान्य रुग्णालय, भंडारा: मानसिक आरोग्य विभागात दाखवा. १० ते १९ वर्षांच्या मुलामुलींसाठी शासनाचे ‘मैत्री’ क्लिनिक असते, तिथे समुपदेशकाशी बोलता येते. तुमसर, साकोलीकडच्या घरांनी आधी आपल्या उपजिल्हा रुग्णालयात विचारावे. आशाताईंना सोबत घेतले तर काम सोपे होते.

३. नागपूर: निदान पक्के करायचे असेल तर शासकीय वैद्यकीय महाविद्यालय किंवा एम्सच्या मनोविकार विभागाची चिठ्ठी मागा.

४. फोन: टेली मानस, १४४१६. चोवीस तास, मोफत, मराठीतही.

रुग्णालयात ‘सामाजिक कौशल्य गट’ अशी पाटी दिसेलच असे नाही. ‘मुलाला चारचौघांत वागण्या-बोलण्याचा सराव देणारा गट किंवा थेरपी आहे का?’ असे साध्या शब्दांत विचारा.

पैसे भरण्याआधी विचारा

किती मुले, कोणत्या वयाची? शिकवणारी व्यक्ती भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदलेली आहे का? मराठीत शिकवतात का? पालकांना काय करावे लागेल? किती आठवडे, किती फी? ‘महिन्यात शंभर टक्के बरा करतो’ म्हणणाऱ्याकडे जाऊ नका.

स्वमग्नता निघाली तर घाबरू नका. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिचा समावेश आहे. प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड काढा. त्यावर परीक्षेत सवलती मिळतात आणि ‘निरामय’ योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य विमा संरक्षण मिळते.

गट मिळेपर्यंत

दर आठवड्याला नागपूरला जाणे म्हणजे एकाची मजुरी बुडणे. रोवणीच्या दिवसांत तर ते जमतच नाही. अशा वेळी विहारात छोटा गट चालवता येतो. रविवारच्या वंदनेनंतर पाच-सहा मुले, एक समंजस ताई किंवा दादा, तासभर वेळ. कॅरम खेळा, पाळीपाळीने वर्तमानपत्र वाचा, दोघादोघांचे छोटे संवाद बसवा. झाडीपट्टीत नाटकाची आवड घरोघरी असते, तिचा इथे उपयोग होतो.

नियम तीनच ठेवा: कोणी कोणावर हसायचे नाही, जबरदस्तीने बोलायला लावायचे नाही, वेळ बदलायची नाही. लाजऱ्या मुलाला एकदम माईकसमोर उभे करू नका. चौदा एप्रिलच्या तयारीत त्याला ठरलेले काम द्या, एका सोबत्याबरोबर, आणि ते आधीच नीट समजावून सांगा. हा गट उपचाराची जागा घेत नाही, पण सरावाला जागा देतो.

मूल जगणे नको म्हणत असेल, जेवण-झोप सोडली असेल किंवा स्वतःला इजा करत असेल, तर गट शोधत बसू नका. त्याला एकटे सोडू नका. त्याच दिवशी रुग्णालयात न्या.

या आठवड्यात दोनच कामे करा: वर्गशिक्षकांना भेटा आणि मुलाला शेजारी बसवून विचारा, ‘शाळेत तुझ्यासोबत डबा कोण खातो?’ उत्तर शांतपणे ऐका.