जळला तो दोषी नव्हे

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आपल्या भागात कोण विसरेल? किल्लारीच्या भूकंपानंतर हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाले, निरोप पोचवायला धावले होते. अशा वेळी यंत्र मुकं निघालं तर?

मी कविता लिहिणारा बी. ए. माणूस, पण अब्बांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, त्यामुळे रॉजिनचा वास लहानपणापासूनचा. माझा भाचा परवानाधारक हॅम आहे. रेडिओचे थोडे वॅट शेकड्यांवर नेणारा त्याचा ॲम्प्लिफायर पावसाळ्यात बंद पडला. त्यानं ट्रान्झिस्टर बदलला. दहा मिनिटांत नवाही जळला! पगाराचा मोठा घास गेला. मग आम्ही मामा-भाचे एकत्र बसलो.

आधी प्लग काढायचा आणि कपॅसिटर रेझिस्टरमधून रिकामे करायचे. व्हॉल्व्हच्या यंत्रात हजारो व्होल्ट असतात. ते वीज बंद केल्यावरही जीव घेऊ शकतात. मग डोळे आणि नाक वापरायचं : काळवंडलेला रेझिस्टर, फुगलेला कपॅसिटर दिसतो का? त्यानंतर मीटर. दोन्ही बाजूंनी जवळजवळ शून्य दाखवलं, तर ट्रान्झिस्टर शॉर्ट असण्याचा संभव. पण घाई नको. बेस आणि इमिटर यांच्यामध्ये बहुधा चोक असतो. त्यामुळे चांगला ट्रान्झिस्टरही बोर्डावर शॉर्ट भासतो. तो सोडवूनच तपासावा. मात्र त्याचं पांढरं चिनी मातीचं अंग फोडू किंवा घासू नये. काहींत बेरिलियम ऑक्साइड असतं, त्याची धूळ फुप्फुसांना घातक.

आता मुख्य प्रश्न : तो जळला का? अँटेना जुळत नसेल, तर शक्ती उलटी फिरते. एसडब्ल्यूआर ३ असला की १०० वॅटपैकी २५ परत येतात. शिवाय बंद पंखा, जास्त इनपुट, चुकलेला बायस हेही मारेकरीच.

अँटेना काढून ५० ओहमचा डमी लोड लावला. करंटवर मर्यादा घालून, इनपुट न देता नुसता बायस पाहिला, ठीक होता. इनपुट हळूहळू वाढवला. नवा ट्रान्झिस्टर टिकला. म्हणजे दोष बाहेर! गच्चीवरच्या कनेक्टरमध्ये पाणी शिरलं होतं. खर्च किरकोळ.

आपल्या सोलापुरात मागावर धागा पुन्हा पुन्हा तुटला, तर विणकर नुसती गाठ मारून बसत नाही. तो कुठे घासतोय ते बघतो. अब्बा म्हणत, "बेटा, जो जला उसे मत कोस, जिसने जलाया उसे ढूँढ." दुरुस्तीचं सारं शास्त्र मला तेवढ्यातच सापडलं.