कॅमेऱ्यामागच्या आपल्या माणसाची मजुरी

घिवली म्हटले की बाहेरच्या माणसाला दोनच गोष्टी आठवतात. एक समुद्र आणि दुसरे शेजारचे तारापूर अणुशक्ती केंद्र. बोईसर स्टेशनाला उतरून किनाऱ्याच्या दिशेने निघाले की एमआयडीसीच्या चिमण्या मागे पडतात आणि वस्त्या लागतात. या वस्त्यांतला कारखान्यात पाळी करणारा, होडीवर जाणारा, ठेकेदाराकडे हजेरीवर राबणारा माणूस सर्वांच्या ओळखीचा आहे. पण गेल्या काही वर्षांत येथल्या तरुणांनी आणखी एक धंदा धरला आहे. त्याच्याबद्दल फारसे कोणी लिहीत नाही. खांद्याला कॅमेऱ्याची बॅग आणि घरात एका कोपऱ्यात संगणक. दिवसा मंगल परिणय, नामकरण, पुण्यानुमोदन. रात्री बॅनर, पत्रिका, कार्यक्रमपत्रिका. दुकान नाही, मालक नाही, महिन्याचा पगार तर नाहीच. लोक त्याला फोटोवाला म्हणतात आणि 'त्याचे बरे चालले आहे' असेही म्हणतात.

त्याचे खरोखर बरे चालले आहे काय? आम्ही अशा चार-दोन मुलांकडे बसलो, त्यांचे काम पाहिले, वह्या पाहिल्या. त्यातून जे समजले ते येथे मांडत आहोत. नावे देत नाही, कारण सगळ्यांची गिऱ्हाइके हीच आहेत, म्हणजे आपणच.

पूर्वी रोल होता. एका रोलमध्ये ३६ फोटो. बटण दाबले की पैसे गेले, हे फोटोवाल्यालाही कळत होते आणि लग्नघरालाही. म्हणून 'अजून एक रोल टाकू का, काका?' असे विचारून रोल टाकला जाई आणि त्याचा हिशोब वेगळा होई. मग डिजिटल कॅमेरा आला. ज्या कोडॅक कंपनीचे पिवळे डबे गावोगावच्या स्टुडिओत मांडलेले असत, तिने जानेवारी २०१२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. रोल गेला आणि त्याबरोबर गिऱ्हाइकाच्या मनातली किंमतही गेली. 'आता तुला काय खर्च? दाबायचे बटण!' हे वाक्य या मुलांना रोज ऐकावे लागते.

बटणामागे काय असते ते पाहा. आपल्या विवाहात वधू-वर पांढऱ्या वस्त्रांत असतात. कॅमेऱ्याला समोर भरपूर पांढरे दिसले की तो फसतो. उजेड जास्त आहे असे समजून तो सगळेच चित्र काळवंडून टाकतो. पांढरी साडी राखाडी होते आणि सावळे चेहरे आणखी काळे पडतात. म्हणून जाणत्या फोटोवाल्याला आपल्या हाताने उजेड वाढवून घ्यावा लागतो, तोही साडीची किनार न उडवता. विहाराचे छत निळे असेल आणि फ्लॅश छताकडे मारला, तर सगळे चेहरे निळसर येतात. त्रिसरण-पंचशील चालू असताना पुढे पुढे करता येत नाही. पुष्पहार एकदाच पडतो, 'पुन्हा घाला' म्हणता येत नाही. हे शिकायला कोणतेही कॉलेज या मुलांच्या वाट्याला आलेले नाही. कोणाच्या तरी हाताखाली दोन-दोन वर्षे लाईट धरून ते शिकले.

आणि चेहऱ्याच्या रंगाविषयी बोलायलाच हवे. 'मुलगी जरा उजळ कर हां भाऊ,' ही मागणी जवळजवळ प्रत्येक अल्बमच्या वेळी होते. वराकडचेच करतात असे नाही, वधूची आईही करते. संगणकावर एक पट्टी सरकवली की मुलगी पिठात घोळल्यासारखी होते. परदेशात रंगीत रोलच्या जमान्यात रंग जुळवायला जे नमुना-कार्ड वापरत त्यावर गोऱ्या बाईचाच चेहरा असे. 'शर्ली कार्ड' त्याचे नाव. यंत्रानेच सावळ्या माणसाला दुय्यम ठरवले होते! ते यंत्र गेले, आणि आता आम्हीच आमच्या लेकीचा रंग पुसायला सांगतो. एक फोटोवाला आम्हाला म्हणाला, 'दादा, मी दोन प्रती देतो. एक तिच्या आईसाठी आणि एक तिच्यासाठी.' आम्हाला तो शहाणा वाटला.

आता हिशोब. खालील आकडे नमुन्यादाखल आहेत. जागोजागी ते कमीजास्त होतील, पण मांडणी हीच राहील. समजा एका लग्नाचे १५,००० रुपये ठरले. त्यातून मदतनिसाची मजुरी २,०००, अल्बमची छपाई ४,५००, पेन ड्राईव्ह वगैरे ५००, जाणे-येणे ५००. कॅमेरा, लेन्स, फ्लॅश मिळून १,२०,००० रुपयांचा माल पाच वर्षे चालला, तर वर्षाची झीज २४,००० होते. वर्षाला ४० कामे धरली तर एका कामावर ६००. ही झीज कोणी धरतच नाही आणि पाच वर्षांनी नवा कॅमेरा घ्यायला सावकाराकडे जावे लागते. हे सगळे वजा जाता उरतात ६,९०० रुपये. काम किती दिवसांचे? लग्नाचा एक दिवस, फोटो निवडायचा एक, अल्बमची मांडणी व दुरुस्ती तीन, लॅबच्या खेपा एक. सहा दिवस. म्हणजे दिवसाला १,१५०. वाईट नाही. पण लग्नघराने शेवटचे ५,००० रुपये 'देतो रे, पळून चाललो का?' म्हणत बुडवले, तर उरतात १,९०० आणि दिवसाला पडतात साधारण ३१७ रुपये. एवढ्यात कोण आपले घर चालवील?

त्यातही आपल्यात मुहूर्त नाही, पंचांग नाही. ती अंधश्रद्धा आपण टाकली हे योग्यच झाले. मात्र सोयीचा दिवस म्हणजे रविवार, त्यामुळे एप्रिल-मेच्या रविवारी तीन लग्ने एकदम येतात, त्यातले एकच करता येते आणि सोमवार ते शनिवार हात रिकामे. पावसाळा तर कोरडाच. मग एमआयडीसीतल्या कंपन्यांकडची कामे शोधायची. ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन असतो. त्या आठवड्यात कारखान्यांना पोस्टर, फलक, बक्षीस समारंभाचे फोटो लागतात. काम चांगले, पैसे उशिरा. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. 'उद्यम' नोंदणी ऑनलाइन होते आणि तिला फी नाही. नोंदणी असलेल्या लहान धंदेवाल्याचे बिल लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते करणे २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याने खरेदीदारावर बंधनकारक आहे. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. मात्र बिल आणि कामाची लेखी ऑर्डर हातात हवी. तोंडी कामाला कायदा उभा राहत नाही.

आता जे आम्हाला मुख्यतः सांगायचे आहे त्याकडे येतो. १४ एप्रिल जवळ आला की या मुलांच्या रात्री सुरू होतात. मंडळाचे कार्यकर्ते अकरा वाजता येतात. नावांची यादी तोंडी सांगतात, एकाचा फोटो लग्नातला, दुसऱ्याचा ओळखपत्रावरचा. मग कोणाचा फोटो मोठा यावर वाद. अध्यक्षांचा चेहरा बाबासाहेबांच्या चेहऱ्याएवढा झाला तरी कोणाला खटकत नाही! 'बोधिसत्त्व' शब्द नीट लिहिला आहे की नाही हे पाहायला वेळ नसतो, मात्र एक आडनाव मागेपुढे झाले की बॅनर पुन्हा छापायला लागतो. अलीकडे कोणीतरी संगणकाने तयार केलेले बाबासाहेबांचे चित्र पाठवतो, त्यात नाक-डोळे भलत्याच माणसाचे. ते नाकारण्याचे धैर्यही डिझाइन करणाऱ्यालाच दाखवावे लागते. पहाटे काम संपते. फ्लेक्स छापणारा चौरस फुटाप्रमाणे रोख पैसे घेतो, मंडपवाला घेतो, स्पीकरवाला घेतो. आणि रात्रभर जागलेल्याला सांगतात, 'अरे, समाजाचे काम आहे. पैसे कसले मागतोस?'

समाजाचे काम मंडपवाल्यालाही समाजाचेच आहे ना? मग त्याग एकट्या आपल्याच मुलाने का करायचा?

चळवळीत छपाईचा आणि चित्राचा खर्च कोणाला तरी सोसावा लागतो, हे बाबासाहेबांच्या चरित्रातच दिसते. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाला तेव्हा राजर्षी शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले होते. 'बहिष्कृत भारत' ३ एप्रिल १९२७ रोजी सुरू झाला आणि पैशांअभावी १९२९ मध्ये बंद पडला. लेखणी बाबासाहेबांची असूनही कागद आणि छपाई फुकट मिळत नव्हती. ७ डिसेंबर १९५६ ची अंत्ययात्रा आज आपण पडद्यावर पाहतो आणि डोळे भरून येतात. ते चित्रीकरण साहित्यिक व चित्रपट निर्माते नामदेवराव व्हटकर यांनी पदरमोड करून केले. त्या काळी फिल्म महाग होती आणि सरकारी यंत्रणेची वाट पाहत बसले असते तर तो दिवस हातचा गेला असता. व्हटकरांनी ते स्वतः होऊन केले. त्यांचा दाखला देऊन दुसऱ्याच्या पोरावर त्याग लादता येत नाही.

आमच्या मते उपाय साधा आहे. जयंतीच्या अंदाजपत्रकात मंडप आणि स्पीकरच्या खाली 'छायाचित्रण व मांडणी' अशी एक ओळ घालावी आणि रक्कम आधी ठरवावी. ज्याला धम्मदान म्हणून काम करायचे असेल त्याने पैसे घेऊन पावती फाडावी. म्हणजे दानही वहीत दिसेल आणि मजुरीही. नावांची यादी एकाच माणसाने, लिहून, आठ दिवस आधी द्यावी.

कायद्याचे आणखी काही मुद्दे गिऱ्हाइकालाही माहीत असावेत. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे मोबदला देऊन फोटो काढून घेतला आणि वेगळा करार नसला तर त्याचा पहिला मालक पैसे देणारा असतो. म्हणून तुमच्या मुलीचा फोटो तुम्हाला न विचारता जाहिरातीत लावता येत नाही. उलट, फुकट काढून घेतलेल्या फोटोचा मालक काढणाराच राहतो! निवडणुकीच्या पत्रकावर व पोस्टरवर मुद्रकाचे आणि प्रकाशकाचे नाव-पत्ता छापलाच पाहिजे. ते नसेल तर लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२७-क खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा २,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पुढारी सुटतो आणि छापणारा सापडतो. तिसरे, खास आमच्या भागाचे. लग्नात ड्रोन हवा असा हट्ट वाढला आहे. अणुशक्ती केंद्राच्या परिसरात परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही. घिवलीच्या फोटोवाल्याने 'नाही' म्हटले तर त्याला मागासलेला समजू नये.

या मुलांच्या कपाटातल्या हार्ड डिस्कमध्ये काय आहे, याचा विचार आपण केला आहे का? तारापूरच्या ३ व ४ क्रमांकाच्या अणुभट्ट्यांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली. त्या अणुभट्ट्या २००५ आणि २००६ मध्ये सुरू झाल्या. मूळ गावातले अंगण, विहीर, शाळा आज फक्त कोणाच्या तरी लग्नाच्या फोटोत मागे दिसत असेल. फोटो वधूचा, पण पाठीमागे गाव उभे आहे. ३० ऑगस्ट २०२४ रोजी वाढवण बंदराची पायाभरणी झाली. हा किनारा पुढे कसा दिसेल कोण जाणे. वस्तीतले पहिले विहार, पहिली जयंतीची मिरवणूक, धम्मदीक्षा घेतलेल्या पिढीतल्या आजीचा चेहरा, हे कोणत्याही सरकारी दप्तरात मिळणार नाही. एक हार्ड डिस्क बंद पडली की दहा वर्षे गेली. मंडळाने फोटोवाल्याकडून निवडक फोटोंची एक प्रत विकत घेऊन विहाराच्या कपाटात ठेवावी आणि दुसरी वेगळ्या घरी.

घरोघरी जुने फोटो आहेत तेही बाहेर काढावेत. ट्रंकेत तळाला निगेटिव्ह सापडल्या तर फेकू नका. आमच्या दमट हवेत त्यांना बुरशी धरते, म्हणून कोरड्या डब्यात ठेवा. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला जवळ बसवून एकेका चेहऱ्याचे नाव विचारा आणि ते नाव, गाव व वर्ष फोटोच्या मागे मऊ पेन्सिलने हलकेच लिहा. बॉलपेनने लिहू नका, दाबाचे वळ पुढच्या बाजूला उमटतात.