डबा हुशार हवा!

मी लहान असताना आजोबांच्या घरी दूरदर्शन लावलं की बातम्या देणाऱ्या बाईंच्या शेजारी त्यांचीच एक फिकट सावली दिसायची. आजोबा गच्चीवर जाऊन अँटेना फिरवायचे आणि आजी खालून ओरडायची, "अजून थोडं... बास, बास! अहो, गेलं परत!" ही सावली कुठून येते, ते मला थेट गेल्या सेमिस्टरला, डीएसपीच्या प्रॅक्टिकलमध्ये कळलं. (शाळा कॉन्व्हेंटची, तेव्हा शुद्धलेखन सांभाळून घ्या!)

टॉवरवरून निघालेली लहर सरळ तर येतेच, शिवाय इमारतींवर, डोंगरांवर आपटूनही येते. 300 मीटर जास्त अंतर म्हणजे 1 मायक्रोसेकंद उशीर. अ‍ॅनालॉग टीव्हीत या उशिराची सावली दिसते आणि आपण चालवून घेतो. डिजिटलमध्ये मात्र चित्र एकतर स्वच्छ, नाहीतर चौकोन चौकोन होऊन गायब!

अमेरिकेत यावरून मोठा वाद झाला. तिथे एटीएससी हे डिजिटल स्टँडर्ड 1996 मध्ये मंजूर झालं. त्यात सेकंदाला सुमारे 1 कोटी 7 लाख सिम्बॉल जातात. म्हणजे 3 किलोमीटर जास्त फिरून आलेली लहर शंभरावर सिम्बॉल मागे पडते आणि सगळी सरमिसळ होते. 1999 मध्ये सिंक्लेअर या प्रसारण कंपनीने बाल्टिमोरमध्ये चाचण्या घेतल्या. घरातल्या साध्या अँटेनावर तेव्हाचे रिसीव्हर गडबडले. पद्धतच बदला, युरोपची सीओएफडीएम पण चालू द्या, अशी कंपनीची मागणी होती. एफसीसीने 2000 मध्ये ती फेटाळली.

मग सुधारणा झाली ती रिसीव्हरमध्ये. प्रसारणात दर 24 मिलिसेकंदांनी एक ठरलेली सिम्बॉलमाला येते, जी रिसीव्हरला पाठ असते. काय यायला हवं होतं आणि काय आलं, यातला फरक बघून इक्वलायझर आपले आकडे थोडे थोडे बदलतो आणि सावली वजा करतो. सुरुवातीच्या चिप्सना जोरदार सावली झेपत नव्हती. 2004 च्या सुमारास एलजी-झेनिथची पाचव्या पिढीची चिप आली आणि घरातल्या अँटेनावरचं रिसेप्शन बरंच सुधारलं. टॉवर तोच, सिग्नल तोच, फक्त डबा हुशार झाला.

12 जून 2009 ला तिथल्या मोठ्या केंद्रांचं अ‍ॅनालॉग प्रसारण बंद झालं. जुन्या टीव्हीसाठी सरकारने घरटी दोनपर्यंत, 40 डॉलरची कूपन्स दिली होती. त्यातून कन्व्हर्टर डबा घेता यायचा. पण ज्याने 1999 मध्येच महागडा डिजिटल सेट घेतला, त्याच्या सेटमध्ये मात्र तीच जुनी चिप राहिली. मला हे जास्त लागलं. आपण उद्या असे डबे बनवू, तेव्हा ते लॅबमध्ये चालले म्हणून खूश व्हायचं नाही. चाळीतल्या सर्वात आतल्या खोलीत नेऊन बघायचे. कारण एकदा विकलेली चिप कोणी बदलून देत नाही.

जाता जाता एक कबुली. प्रॅक्टिकलमध्ये मी एलएमएसची स्टेप साइझ मोठी ठेवली आणि आउटपुट पार भरकटलं. तेव्हा आजोबा आठवले. अँटेना फिरवणारे ते इक्वलायझर, "गेलं परत" म्हणणारी आजी म्हणजे एरर सिग्नल, आणि "अजून थोडं" ही बरोबर स्टेप साइझ. दोघांनी डीएसपी न शिकता जमवलं होतं!