पांढरं कार्ड आणि चौदा जिल्हे

विम्यातल्या उपचारांच्या पूर्वमान्यतेची फाइल कुठे आणि का अडकते, ते आज सांगणार होतो. ते पुढच्या आठवड्यावर ढकलतो. देऊळगाव राजा तालुक्यातल्या एका शेतकरी वाचकानं विचारलंय : "आमचं कार्ड पांढरं. महात्मा फुले योजनेत तुम्ही आहात असं लोक म्हणतात. पण आम्ही कधी फॉर्म भरला नाही की हप्ता भरला नाही. मग आम्ही आत आलो कसे? आणि दरवर्षी नूतनीकरण कुठं करायचं?"

नूतनीकरण कुठंच करायचं नाही, हे आधी सांगून टाकतो. आत कसे आलात, ही मात्र ऐकण्यासारखी गोष्ट आहे. तिची सुरुवात दवाखान्यात नाही, रेशन दुकानात होते.

राज्यात तीन रंगांची कार्डं १ मे १९९९ पासून आली. वर्षाचं उत्पन्न १५ हजारांपर्यंत असेल तर पिवळं, त्यापुढे एक लाखापर्यंत केशरी, त्याच्या वर पांढरं. केशरीला आणखी अटी होत्या : घरात चारचाकी नको, चार हेक्टर बागायत नको. धान्य-रॉकेल कुणाला द्यायचं आणि कुणाला नाही, एवढ्यापुरतं हे सगळं ठरवलेलं. २ जुलै २०१२ ला राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना, म्हणजे आजच्या महात्मा फुले योजनेचं आधीचं रूप, आठ जिल्ह्यांत सुरू झाली. आपल्या विभागातला अमरावती त्यात होता, बुलढाणा नव्हता. आपल्याकडे ती २१ नोव्हेंबर २०१३ ला उरलेल्या राज्याबरोबर आली. लाभार्थी शोधायला सरकारनं नवी मोजणी केलीच नाही. कार्ड पिवळं किंवा केशरी असलं, की घर विम्यात. हप्ता सरकारनं विमा कंपनीला भरायचा, कुटुंबाला वर्षाकाठी दीड लाखापर्यंतचे उपचार मिळायचे.

मला विचाराल, तर त्या योजनेतली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट हीच. तिच्याआधी २००८ पासून केंद्राची राष्ट्रीय स्वास्थ्य बीमा योजना होती. ३० रुपये भरा, शिबिराला या, घरातल्या पाच जणांपुरते अंगठे द्या, स्मार्ट कार्ड घ्या, ३० हजारांचा विमा. वर्ष संपलं की पुन्हा तेच. शिबिर नेमकं वेचणीच्या दिवसांत लागलं किंवा घर कामासाठी परमुलखात गेलेलं असलं, की त्या वर्षाचा विमा बुडाला. आणि हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. अमेरिकेत गरिबांच्या मेडिकेड विम्यातून करोनाकाळात कुणाचं नाव काढायचं नाही असं ठरलं होतं. ३१ मार्च २०२३ ला ती सवलत संपली आणि पुढं दोन कोटींहून जास्त नावं गळाली. त्यातल्या बहुतेकांचं उत्पन्न वाढलं म्हणून नव्हे. कागद वेळेत पोचले नाहीत म्हणून.

पण रेशनकार्डावर विमा टेकवला, तसे रेशनकार्डाचे दोषही विम्यात आले. १९९९ ची एक लाखाची रेघ २०१२ सालीही तिथंच होती. पांढऱ्या कार्डाचा कोरडवाहू शेतकरी एका नापिकीत कर्जात जातो, पण कागदावर तो सधन. मग शेतकरी आत्महत्यांमुळे नाव झालेले चौदा जिल्हे पुढे आले : मराठवाड्याचे आठ आणि विदर्भातले अमरावती, अकोला, वाशिम, यवतमाळ, वर्धा आणि आपला बुलढाणा. या जिल्ह्यांतल्या पांढऱ्या कार्डाच्या शेतकऱ्यांनाही योजनेत घेतलं. पुरावा म्हणून कार्डाबरोबर सातबारा. जमिनीचा उतारा दाखवून ऑपरेशन व्हावं, असा हा विमा! त्यातली गंमत बघा : मलकापूरचा पांढऱ्या कार्डाचा शेतकरी आत, आणि जिल्ह्याची हद्द ओलांडली की मुक्ताईनगरचा तसाच शेतकरी बाहेर. मलकापुरातलाच पांढऱ्या कार्डाचा बिनशेतीचा दुकानदारही बाहेर. पत्र लिहिणारे वाचक आत आले ते या दारानं.

आता त्या दाराची गरज उरलेली नाही. २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयानं कार्डाचा रंगच बाद केला, संरक्षण पाच लाखांवर नेलं, आणि १ जुलै २०२४ पासून ते लागू झालं.

रंगाचा प्रश्न मिटला, नावाचा नाही. घर आपोआप विम्यात येतं, घरातलं माणूस येतंच असं नाही. लग्न झालं की पोरीचं नाव माहेरच्या कार्डावरून कमी करून तसा दाखला घेतात. सासरच्या कार्डावर ते कधी चढतं? तहसीलच्या पुरवठा शाखेत कुणाला जायला वेळ मिळेल तेव्हा. मधल्या काळात ती कोणत्याच कार्डावर नसते, आणि पहिलं बाळंतपण नेमकं त्याच काळात येतं. लहान बाळाचं त्या मानानं सोपं आहे : जन्मदाखला, आईबापाचं कार्ड आणि त्यांच्यासोबतचा फोटो, यावर काम होतं. सुनेसाठी असा आडमार्ग मला माहीत नाही. म्हणून माझं मत आहे, की माहेरचं नाव कमी करणं आणि सासरी चढवणं एकाच अर्जात व्हायला हवं.

सत्तरी ओलांडलेल्यांचं वेगळं आहे. २९ ऑक्टोबर २०२४ पासून त्यांना उत्पन्न न बघता पाच लाखांचा विमा आहे, पण तो आपोआप लागत नाही. आधारवर वय सत्तर दिसायला हवं आणि ओळख पटवून वय वंदना कार्ड काढायला हवं. आपल्या कित्येक आजोबांची आधारवरची जन्मतारीख १ जानेवारी आहे, कारण खरी कुणी लिहूनच ठेवली नव्हती. साल दोन-चार वर्षांनी पुढं पडलं असेल, तर तेवढी वर्षं विमाही पुढं जातो.

आणखी काही जणांनी मे महिन्यात बँकेतून कापले जाणारे २० रुपये म्हणजे आरोग्य विमा का, असं विचारलंय. नाही. तो अपघाताचा सुरक्षा विमा. खात्यात पैसे असले तर दरवर्षी आपोआप पुढं चालतो, नसले तर बंद पडतो. त्या पावतीवर दवाखान्यात उपचार होत नाहीत.

दिवाळीला सगळे घरी असतील तेव्हा रेशनकार्ड काढा, त्यावरचा बारा अंकी नंबर आहे का बघा, आणि घरातली माणसं व कार्डावरची नावं ताडून पाहा. आधारवरचं आणि कार्डावरचं नाव सारखं आहे का तेही बघा. शंका असेल तर १५५३८८ वर विचारा किंवा योजनेतल्या दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला भेटा. पूर्वमान्यतेचं पुढच्या आठवड्यात, नक्की.