जुना कॉम्प्युटर मोडीत घालण्यापूर्वी



विहिरीवरची मोटार चालू झाली नाही म्हणून आपण लगेच ती वर काढून वायंडिंगला धाडत नाही. आधी फेज आली का बघतो, मग फ्यूज, मग स्टार्टर. घरातला जुना कॉम्प्युटर अडला की मात्र ही रीत आपण विसरतो आणि थेट दुकानात नेतो, नाहीतर भंगारात घालतो. वास्तविक काय बिघडले आहे हे स्वतःच सांगण्याची सोय बहुतेक कॉम्प्युटरमध्ये मुळातच केलेली असते.

ही सोय जुनी आहे. अमेरिकेच्या आयबीएम कंपनीने १९८१ साली पहिला पर्सनल कॉम्प्युटर आणला, त्यातही ती होती. बटण दाबले की तो प्रथम स्वतःची मेमरी, की-बोर्ड वगैरे तपासून घेई. सारे ठीक असेल तर एकच आखूड आवाज येई. एक लांब व दोन आखूड आवाज आले तर पडद्याच्या कार्डात दोष समजावा. पडद्यावर आकडाही दिसे : २०१ म्हणजे मेमरी, ३०१ म्हणजे की-बोर्ड, ६०१ म्हणजे फ्लॉपी. पुढच्या यंत्रांतही ही तपासणी राहिली. मात्र आवाजांचे अर्थ कंपनीगणिक निराळे असतात, ते मदरबोर्डच्या पुस्तिकेत पाहावेत.

नंतर कंपन्यांनी याहून सविस्तर तपासणी आत बसवून दिली. ती अशी काढावी :

१) डेल : चालू करताच 'एफ १२' दाबत राहावे व येणाऱ्या यादीतून 'डायग्नोस्टिक्स' निवडावे.
२) एचपी : 'एस्केप' दाबत राहावे, मग 'एफ २'.
३) ॲपलचे इंटेल चिपवाले मॅक : चालू करताना 'डी' दाबून धरावे.

विंडोज सुरू होत नसले तरीही ही तपासणी बहुधा चालते. म्हणूनच दोष यंत्राच्या भागात आहे की आतल्या प्रोग्रॅममध्ये, याचा उलगडा होतो. लॅपटॉप असेल तर चार्जर लावूनच तपासणी करावी. तपासणीला वेळ लागतो, मध्येच बंद करू नये.

दोष सापडला की पडद्यावर कोड येतो. तो कागदावर उतरून घ्यावा किंवा मोबाईलने फोटो काढावा. उदाहरणार्थ, डेलवर २०००-०१४२ आला तर हार्ड डिस्क चाचणीत नापास झाली असे समजावे. अशा वेळी यंत्र पुन्हा पुन्हा चालू-बंद करू नये. मुलांचा अभ्यास, घरचे फोटो, शेतीचा हिशेब, जे असेल ते आधी दुसरीकडे उतरवून घ्यावे. डिस्क नवी मिळते, तिच्यातले परत मिळेलच असे नाही.

मेमरीचा दोष दाखवला तर वीज पूर्ण तोडून मेमरीची पट्टी काढून नीट बसवावी. पुष्कळदा तेवढ्याने काम भागते. दरवेळी तारीख-वेळ मागे जात असेल तर बहुधा आतला बटणासारखा सेल संपलेला असतो. डेस्कटॉपमध्ये तो बहुतेक सीआर २०३२ नावाचा, ३ व्होल्टचा असतो व स्वस्तात मिळतो.

एक ध्यानात ठेवावे. यंत्रात वीजच येत नसेल तर ही तपासणी चालणार नाही. तेव्हा आधी बोर्ड, वायर व पॉवर सप्लाय पाहावा. तपासणीत 'पास' आले म्हणजे सगळे निर्दोष, असेही नाही. व्हायरस यात सापडत नाही, अधूनमधून होणारा बिघाडही निसटू शकतो.

एवढे करूनही मिस्त्रीकडे जावे लागले तर कोड दाखवून विचारावे : हा भाग कितीला पडेल, आणि जुना भाग परत देणार ना? काट्यावर ऊस घातला की आपण वजनाची पावती घेतल्याशिवाय हलत नाही. दुरुस्तीच्या व्यवहारात हा कोड म्हणजे आपल्या हातची पावतीच समजावी.