नवे बांधलेले इंजिन किती जपावे?

आमचा धंदा कापडाचा. नांदेडच्या वजिराबादेत माल भरायचा आणि लोहा, अहमदपूर, चाकूर करीत लातूरच्या गंजगोलाईपर्यंत पोहोचवायचा. गाडी बंद म्हणजे दुकान अर्धे बंद, हे व्यापारी बांधवांना सांगायला नको. काही वर्षांपूर्वी आमची डिझेल जीप निळा धूर सोडू लागली. इंजिन खोलून बोअर केले, पिस्टन-रिंगा नव्या घातल्या. लग्नसराई महिन्यावर आली होती.

मिस्त्री म्हणाला, "सेठ, रात्रभर जागेवर चालू ठेवतो. मग महिनाभर रिकामी, चाळीसच्या आत चालवा." आम्ही त्याचा शब्द न् शब्द पाळला. नतीजा असा, की दीड हजार किलोमीटर झाले तरी गाडी ऑइल खातच राहिली. ऐन सराईत इंजिन पुन्हा खोलावे लागले. रिंगांचा खर्च झालाच, शिवाय भाड्याच्या टेम्पोचा वेगळा. मजुरीवरून जी बोलाचाली झाली ती येथे सांगत नाही.

दुसऱ्या वेळी लेथवर काम करणाऱ्या एका बुजुर्ग कारागिराने सिलिंडरवर बॅटरीचा उजेड पाडून दाखवला. होनिंग केल्यावर आतल्या भिंतीवर बारीक रेघा एकमेकींना कापत जातात, अगदी कापडाच्या ताण्याबाण्यासारख्या. त्या रेघांत ऑइल टिकते आणि त्यांचे उंचवटे घासले जाऊन रिंग भिंतीला बरोबर बसते. मात्र रिंगेला भिंतीवर दाबतो तो जळलेल्या वायूचा जोर. इंजिनवर ओझेच नाही तर हा जोर येणार कोठून? जागेवर घरघरत ठेवले की ऑइल भिंतीवर भाजून काचेसारखा गुळगुळीत थर चढतो, मग रिंग बसायचे नाव घेत नाही. उलट पहिल्याच दिवशी गाडी गच्च भरून दामटली, तर पिस्टन तापून चिकटण्याची भीती. दोन्हीकडून नुकसान मालकाचेच.

यावेळी आम्ही सुरू करताच ऑइलच्या दाबाचा दिवा विझला का ते पाहिले, गळती तपासली आणि लगेच रस्ता धरला. माल निम्मा. लोह्याच्या वाटेवर वेग चाळीसवरून साठवर न्यायचा, पाय सोडायचा, गाडी मंदावली की पुन्हा दाबायचा. एकाच वेगाने तासभर नाही. चढावर वरच्या गिअरमध्ये रेटायचे नाही, गिअर उतरवायचा. पाण्याच्या तापमानाच्या काट्यावर नजर. ऑइल साधे मिनरल घातले. सुरुवातीला महागडे सिंथेटिक नको असे त्या कारागिराचे मत होते.

तीनशे किलोमीटरला ऑइल आणि फिल्टर बदलला. काढलेले ऑइल पांढऱ्या मांजरपाटाच्या तुकड्यावर ओतले तर धातूचा बारीक चुरा चमकत होता. तो आत फिरत राहिला असता तर बेअरिंगा गेल्या असत्या. पुढचा बदल हजारला केला. तोवर रोज सकाळी डिपस्टिक पुसून पाहत होतो. हळूहळू पातळी उतरणे थांबले आणि धूरही गेला.

प्रत्येक इंजिनची रीत थोडी निराळी असते. म्हणून गाडी ताब्यात घेताना पहिले ऑइल किती किलोमीटरला बदलायचे, हेडचे बोल्ट पुन्हा आवळायचे की नाही, हे बिलावरच लिहून घ्यावे. आमच्या पहिल्या बिलावर फक्त रक्कम लिहिलेली होती.